केच बोटीवर शिडे जुळवण्याचा क्रम : जिब, मेनसेल आणि मिझन यांच्यामधला वारा

एका डोलकाठीच्या बोटीवर शिकलेली व्यक्ती दोन डोलकाठ्यांच्या बोटीवर आली की तिची पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते. ती मागच्या डोलकाठीवरचे मिझन शीड मेनसेलच्याच, म्हणजे मोठ्या डोलकाठीवरच्या मुख्य शिडाच्याच, कोनाला लावते, दोन्ही बूम, म्हणजे शिडांच्या तळाचे आडवे वासे, समांतर दिसले की काम झाले असे मानते, आणि मग सुकाणूचे चाक दोन्ही हातांनी आवळून धरून तासन्‌तास बसते. बोट जड आहे किंवा केच, म्हणजे अशी दोन डोलकाठ्यांची बोट, वाऱ्याच्या तोंडावर चालतच नाही, असा निष्कर्ष त्यानंतर काढला जातो. बहुतेक वेळा दोष बोटीचा नसून शिडे लावण्याच्या क्रमाचा असतो. मिझनला मिळणारा वारा मेनसेलला मिळणाऱ्या वाऱ्याहून वेगळ्या दिशेचा असतो, ही एकच गोष्ट ध्यानात न आल्याने पुढच्या साऱ्या चुका घडतात.

हा लेख बर्म्युडा पद्धतीची त्रिकोणी शिडे असलेल्या, साधारण ३० ते ४५ फुटी केच बोटीसाठी आहे. केचमध्ये मागची डोलकाठी पुढच्या डोलकाठीपेक्षा आखूड आणि सुकाणूच्या दांड्याच्या पुढे असते. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहेली’ आणि तिच्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ या दोन्ही याच जातीच्या. यॉल बोटीवर मिझन आणखी लहान असते आणि सुकाणूच्या दांड्याच्या मागे येते. तिथेही हाच क्रम चालतो, फक्त मिझनचा परिणाम ओढीपेक्षा सुकाणूवर जास्त दिसतो. स्कूनरवर मोठे शीड मागे असते, म्हणून तिथे मागचे शीड उतरवून टाकण्याचे खालील सल्ले लागू पडत नाहीत.

आधी समजून घ्यायचे : हवा शिडांमधून कशी जाते

शीड हवेला वळवते. वळण्याची सुरुवात मात्र शिडापाशी होत नाही. ती शिडाच्या बरीच पुढे होते आणि शीड ओलांडल्यावरही टिकून राहते. मेनसेलकडे येणारी हवा त्याच्या पुढेच आडोशाच्या बाजूकडे, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, झुकू लागते. त्यामुळे मेनसेलच्या पुढे असलेल्या जिबला, म्हणजे सर्वांत पुढच्या त्रिकोणी शिडाला, वारा जणू थोडा अधिक बाजूने मिळतो, म्हणजे अनुकूल मिळतो. याउलट मेनसेलवरून निघालेली हवा बोटीच्या लांबीला समांतर होत मागे जाते. म्हणून तिच्या वाटेत असलेल्या मिझनला तोच वारा अधिक समोरून आलेला वाटतो.

इथे एक जुना गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जिब आणि मेनसेल यांच्यामधल्या फटीत हवा चिंचोळ्या नळीतल्यासारखी कोंडते आणि वेगाने धावून मेनसेलला बळ देते, असे आजही शिकवले जाते. विमानविज्ञानाचे अभियंते आर्व्हेल जेन्ट्री यांनी १९७० च्या दशकातच हे स्पष्टीकरण खोडून काढले. जिब लावल्यावर मेनसेलच्या आडोशाच्या बाजूची, पुढच्या कडेजवळची हवा उलट मंदावते, आणि त्यामुळे ती कापडापासून सुटून घुसळण्याचा धोका कमी होतो. खरा फायदा जिबला होतो : तिची मागची कड मेनसेलच्या वेगवान प्रवाहात येते, त्यामुळे तिच्यावरची हवा अधिक वेगाने निघून जाते. हाच संबंध मेनसेल आणि मिझन यांच्यातही असतो, फक्त अंतर जास्त असल्याने तो क्षीण असतो.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. पुढचे शीड मागच्या शिडाला मिळणारा वारा ठरवते, म्हणून जुळवणी पुढून मागे करायची. मागचे शीडही पुढच्याला मदत किंवा अडथळा करते, म्हणून शेवटी एकदा मागून पुढे तपासणी करायची. फट अरुंद करून वेग मिळवण्याच्या नादाला लागायचे नाही.

टप्पा १ : किनाऱ्यावरची तयारी

ही तयारी बोट नांगरावर किंवा धक्क्याला असतानाच पूर्ण करावी; चालत्या बोटीवर धागे चिकटवत बसणे व्यर्थ आणि धोक्याचे असते.

जिबच्या पुढच्या कडेपासून साधारण एक वीत मागे, खालच्या, मधल्या आणि वरच्या उंचीवर, कापडाच्या दोन्ही बाजूंना गडद लोकरीचे वीतभर धागे चिकटवावेत. मेनसेलच्या मागच्या कडेवर, कापडात बसवलेल्या प्रत्येक आडव्या पट्टीच्या टोकाशी एक धागा बांधावा. मिझनवर दोन्ही प्रकारचे धागे लागतात : पुढच्या कडेजवळ दोन उंचींवर, आणि मागच्या कडेवर वरच्या पट्टीपाशी. बहुतेक बोटींवर मिझनला एकही धागा नसतो, आणि ज्या शिडाबद्दल सर्वांत जास्त शंका असते तेच शीड अंदाजाने लावले जाते.

याशिवाय दोन धागे असे बांधावेत, जे या लेखात पुन्हापुन्हा लागतील. मोठ्या डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या ताणतारांवर, म्हणजे श्राउडवर, डोक्याच्या वर हात पोचेल तितक्या उंचीवर दोन्ही बाजूंना एकेक धागा, आणि मिझनच्या श्राउडवर त्याच उंचीवर एकेक धागा.

शीट म्हणजे शिडाची ओढदोरी. तिन्ही शीटांवर रंगीत दोऱ्याचे वेढे देऊन खुणा कराव्यात. चाक मधोमध असताना वर येणाऱ्या आऱ्यावर जाड दोरीची गाठ मारावी, म्हणजे सुकाणू किती वळले आहे हे न पाहताही हाताला कळते. शेवटी फोरस्टेचा ताण तपासावा. ही पुढची तार सैल पडली की जिबचे पोट फुगते, आणि त्यापुढची प्रत्येक तपासणी चुकीची उत्तरे देते.

दिवस निवडताना ८ ते १२ नॉटचा स्थिर वारा आणि सपाट पाणी पाहावे. कोकण किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर दुपारी वायव्येकडून येणारे खारे वारे यासाठी उत्तम. पहाटेचे मतलई वारे जमिनीवरून येत असल्याने किनाऱ्याजवळ झुळुकीझुळुकीने दिशा बदलतात. त्यांच्यावर नवशिक्याने जुळवणी शिकू नये.

तपासणी : मेनसेलच्या डोलकाठीच्या टोकावरचा वातदर्शक हा त्या टोकाच्या वाऱ्यापुरता खरा आहे. तो पाहून मिझन लावायचे नाही.

टप्पा २ : मिझन न लावता वारा पाहणे

फक्त जिब आणि मेनसेल लावून बोट वाऱ्याच्या तोंडाजवळ, जाणवणारा वारा, म्हणजे चालत्या बोटीवर प्रत्यक्ष लागणारा वारा, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) ३५ ते ४० अंशांवर येईल अशी चालवावी. बोट स्थिर झाली की चाकावर दुसऱ्या कोणाला उभे करून स्वतः वाऱ्याकडच्या बाजूला, दोन्ही श्राउडवरचे धागे एका नजरेत येतील अशा जागी बसावे.

मोठ्या डोलकाठीच्या श्राउडवरचा धागा आणि मिझनच्या श्राउडवरचा धागा समांतर उडत नाहीत, हे इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पुढचा धागा तिरपा आडोशाकडे उडतो. मागचा त्यामानाने जवळजवळ सरळ मागे उडतो. आता मेनसेलची शीट हातभर सैल करायला सांगावी. मागचा धागा हळूहळू आडोशाकडे झुकतो. शीट पुन्हा ओढली की तो परत सरळ होतो. मी ज्या ज्या नवख्या सोबत्याला हे दाखवले, त्याला पुढचे काहीही पाठ करावे लागले नाही. मिझनचा वारा मेनसेल घडवते, हे वाक्य वाचून पटत नाही. तो धागा हलताना पाहिला की विसरता येत नाही.

या टप्प्यावर बोटीचा वेग, कलण्याचा कोन आणि चाकावरच्या गाठीची जागा वहीत लिहून ठेवावी. पुढे मिझनचा हिशेब याच आकड्यांशी करायचा आहे.

टप्पा ३ : जिब

जिबपासून सुरुवात करावी, कारण तिच्या पुढे हवा बिघडवणारे काहीच नाही. शीट इतकी ओढावी की दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहतील. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर शीट ओढावी किंवा नाळ वाऱ्यापासून थोडी दूर न्यावी. आडोशाचा धागा फडफडला तर शीट सोडावी किंवा नाळ वाऱ्याकडे घ्यावी.

त्यानंतर तिन्ही उंचींचे धागे एकत्र पाहावेत. वरचा वाऱ्याकडचा धागा खालच्याच्या आधी फडफडत असेल तर शिडाचा वरचा भाग फार उघडा आहे. शीट ज्या कप्पीतून डेकवर येते ती कप्पी रुळावर पुढे सरकवावी. खालचा आधी फडफडला तर कप्पी मागे न्यावी. समुद्रसपाटीपेक्षा उंचावर वारा अधिक जोराचा असल्याने वर तो जरा अधिक बाजूने जाणवतो, म्हणून प्रत्येक शीड वर थोडे उघडे असणे योग्यच आहे.

आता आडोशाच्या बाजूने मागे जाऊन जिबची मागची कड आणि मेनसेलचे पोट यांच्यामधली फट खालून वर पाहावी. दोन्ही वक्र रेषा साधारण समांतर चालल्या पाहिजेत. फट वर जाऊन मिटत असेल, तर वरच्या भागात जिब मेनसेलवर हवा आपटत आहे.

इशारा : जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागे पोचणारी मोठी जिब, ओढताओढता तिची मागची कड स्प्रेडरला (श्राउड बाहेर ताणून धरणाऱ्या डोलकाठीवरच्या आडव्या दांड्याला) टेकेपर्यंत ओढू नये. कापड तर फाटतेच, शिवाय मेनसेलच्या पुढच्या तिसऱ्या भागाची हवा उलटते.

टप्पा ४ : मेनसेल

मेनसेल जिबपेक्षा बोटीच्या मधल्या रेषेच्या जवळ लावावे लागते, कारण जिबने वारा आधीच समोर वळवलेला असतो. ट्रॅव्हलर, म्हणजे मेनसेलच्या शीटची आडव्या रुळावर सरकणारी कप्पी, वाऱ्याकडे घेऊन, शीट फार न आवळता बूम मधल्या रेषेच्या किंचित आडोशाला ठेवावी. शीट खाली ओढली जाते तेव्हा ती मागची कड आवळते; ट्रॅव्हलर शिडाचा कोन बदलतो. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि ती एकाच दोरीने करायला गेले की मेनसेल बंद पडते.

निर्णय मागच्या कडेवरच्या सर्वांत वरच्या धाग्यावर सोपवावा. तो बहुतेक वेळ सरळ मागे वाहावा आणि अधूनमधून कापडाआड लपावा. सतत लपलेला असेल तर हवा वर सुटली आहे. शीट वीतभर सोडावी.

डोलकाठीच्या लगेच मागे मेनसेलच्या कापडात हलकी उलटी फुगवटी दिसली तर घाबरून शीट ओढू नये. थोडी फुगवटी चालते. ती शिडाच्या तिसऱ्या भागापर्यंत पसरली, तर दोष जिबचा आहे. तिची शीट सोडावी किंवा कप्पी मागे न्यावी.

मेनसेल अति ओढले तर त्याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. ते स्वतः बंद पडते, आणि त्याच्या मागची घुसळलेली हवा मिझनवर जाते. मिझन फडफडत आहे म्हणून मिझनची शीट ओढत बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातल्या निम्म्या वेळा दुरुस्ती एक डोलकाठी पुढे करायची होती.

टप्पा ५ : मिझन

जिब आणि मेनसेल स्थिर झाल्यावरच मिझन चढवावे, तेही शीट पूर्ण सैल ठेवून. मग शीट हळूहळू ओढावी, आणि पुढच्या कडेजवळची फडफड ज्या क्षणी थांबते तिथेच हात थांबवावा. बूम मेनसेलच्या बूमपेक्षा मधल्या रेषेच्या अधिक जवळ आलेली दिसेल. माझ्या बोटीवर वाऱ्याच्या तोंडाजवळ जिब मधल्या रेषेपासून साधारण १२ अंश, मेनसेल ५ अंश आणि मिझन १ ते २ अंशांवर बसते. तुमचे आकडे वेगळे येतील. जिबपेक्षा मेनसेल आत आणि मेनसेलपेक्षा मिझन आत, हा उतरता क्रम मात्र बदलणार नाही.

मिझनची बूम मधल्या रेषेवर आणूनही पुढची कड फडफडत राहिली तर ती रेषेच्या पलीकडे, वाऱ्याकडे ओढून शीड शांत करण्याचा मोह टाळावा. शिडाचा जोर त्याला मिळणाऱ्या वाऱ्याशी काटकोनात लागतो. वारा जितका समोरून, तितका तो जोर पुढे कमी आणि बाजूला जास्त. मधल्या रेषेपलीकडे ओढलेले मिझन शांत दिसते, पण ते फक्त बोटीचा मागचा भाग आडोशाला ढकलते, नाळ वाऱ्याकडे वळवते आणि चाक जड करते. अशा वेळी दोनच योग्य मार्ग आहेत : नाळ वाऱ्यापासून चारपाच अंश दूर न्यावी, किंवा मिझन उतरवावे.

आता वही उघडावी. मिझन लावून पाच मिनिटांचा वेग, कलण्याचा कोन आणि गाठीची जागा लिहावी, आणि टप्पा २ मधल्या आकड्यांशी ताडून पाहावे. वेग वाढला आणि चाक फारसे जड झाले नाही, तर मिझन काम करत आहे. त्यातला काही वाटा मिझनने मेनसेलच्या पुढची हवा वळवून दिल्याचा असतो, म्हणून मिझन स्वतः जेमतेम भरलेले दिसले तरी निराश होऊ नये. वेग तेवढाच आणि चाक जड, असे असेल तर उतरवावे. जाणवणारा वारा ३५ अंशांपेक्षा अरुंद झाला की बहुतेक केचवर मिझन उतरवणेच बरे पडते.

तपासणी : एका वेळी एकच दोरी हलवावी आणि किमान दोन मिनिटे वाट पाहावी. जड केच बदलाला लगेच उत्तर देत नाही.

टप्पा ६ : चाकापासून मागे, आणि मग मागून पुढे

चाक आता बोटांच्या टोकांनी धरावे. नाळेने वाऱ्याकडे वळण्याची किंचित ओढ असणे चांगले. सुकाणू ३ ते ५ अंश वळलेले असावे. त्याहून बरेच जास्त वळलेले सुकाणू पाण्यात ब्रेकचे काम करते. ओढ जास्त असेल तर सोडण्याचा क्रम जुळवणीच्या उलट असतो : आधी मिझनची शीट, मग मेनसेलचा ट्रॅव्हलर, आणि जिब सर्वांत शेवटी. बोट ज्या मध्याभोवती वळते त्यापासून मिझन बरेच मागे असल्याने त्याचा तरफेसारखा परिणाम मोठा असतो. वीतभर शीट सोडताच चाक हातात सैल पडल्याचे स्पष्ट जाणवते.

इशारा : बोट घाईने वाऱ्यापासून दूर वळवायची असेल, उदाहरणार्थ संध्याकाळी जाळ्यांचे बोये अचानक नाळेपुढे दिसले, तर चाक फिरवण्याच्या आधी मिझनची शीट मोकळी सोडावी. आवळलेले मिझन मागचा भाग धरून ठेवते, आणि चाक पूर्ण फिरवूनही नाळ वळत नाही. म्हणून ही शीट कधीही गाठ मारून बांधू नये.

टप्पा ७ : वारा बाजूने आला की

जाणवणारा वारा ६० अंशांपलीकडे गेला की केचचे खरे दिवस सुरू होतात. शिडे उघडतात, मेनसेलची मागे जाणारी हवा आडोशाला निघून जाते आणि मिझनला स्वच्छ वारा मिळू लागतो. क्रम तोच राहतो, फक्त तिन्ही कोनांतला फरक कमी होत जातो. इथली नेहमीची चूक म्हणजे मिझन आधीच्या जागीच विसरणे. मेनसेल हातभर सोडले की मिझनही सोडायचे, हे अंगवळणी पाडावे.

साधारण ८० ते १३० अंशांमध्ये मिझन स्टेसेल लावता येते. हे हलके शीड मिझनच्या टोकावरून चढते, त्याचे पुढचे टोक मोठ्या डोलकाठीच्या बुंध्याजवळ वाऱ्याकडच्या बाजूला बांधतात आणि शीट मिझनच्या बूमच्या टोकावरून घेतात. मेनसेलशी असलेली फट इथेही तपासावी. मेनसेलची मागची कड धडधडू लागली तर स्टेसेल जास्त ओढले आहे. नाळ वाऱ्याकडे घेण्याआधी आणि वारा दुसऱ्या बाजूला घेण्याआधी ते खाली उतरवावे.

टप्पा ८ : वारा पाठीमागून

आता हिशेब उलटतो. सर्वांत आधी वारा मिझनला लागतो, आणि मेनसेल त्याच्या आडोशाला येऊन लुळे पडते. मिझन उतरवावे; बहुतेक वेळा वेग वाढतो आणि बोट डावीउजवीकडे भरकटायची थांबते. थेट पाठीवर वारा घेण्याऐवजी तो मागच्या कोपऱ्यावर घेऊन नागमोडी जाणे हा दुसरा उपाय. चौकोनी शिडांची मोठी जहाजेही याच कारणाने थेट पाठीवरच्या वाऱ्यापेक्षा मागच्या कोपऱ्यावरचा वारा पसंत करतात. तिथे मागच्या डोलकाठीची शिडे पुढच्यांचा वारा खात नाहीत.

टप्पा ९ : वारा वाढला आणि मेनसेल उतरवले

२० नॉटच्या पुढे, विशेषतः वारा बाजूने असताना, मेनसेल पूर्ण उतरवून फक्त लहान जिब आणि मिझनवर जाणे ही केचची मोठी सोय आहे. पण इथे सारे जण एक गोष्ट विसरतात : मधले शीड गेले की इतर दोघांचाही वारा बदलतो. जिबला मेनसेलने दिलेला अनुकूल कल नाहीसा होतो, म्हणून तिची शीट आधीपेक्षा जास्त ओढावी लागते. मिझनवर येणारी समोर वळलेली हवाही नाहीशी होते, म्हणून त्याची शीट आधीपेक्षा बरीच सोडावी लागते. शीटांवरच्या जुन्या खुणा या वेळी चुकीच्या ठरतात. दोन्ही शीटांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने नव्या खुणा कराव्यात.

या दोन शिडांवर बोट वाऱ्याच्या तोंडाजवळ चांगली चढत नाही, तसा आग्रहही धरू नये. नाळ दहा अंश दूर ठेवावी, आधी जिब, मग मिझन असे धाग्यांवरून जुळवावे, आणि चाकावरची गाठ मधोमध येईपर्यंत मिझनची शीट बोटभर इकडेतिकडे करत राहावी. गाठ एकदा मधोमध टिकली की चाकाला नुसता हात लावून ठेवला तरी पुरते, आणि रात्रीच्या पाळीत एकटा माणूसही बोट सांभाळू शकतो.